गोड साखर, कडू उचल

दिवाळीच्या फराळाचा वास घरोघर दरवळत असतो, त्याच दिवसांत नगर जिल्ह्यातील एक निराळीच मिरवणूक रस्त्याला लागलेली असते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या बाजूच्या गावांतून ट्रॅक्टर निघतात. मागच्या ट्रॉलीत बाजरीची पोती, चुलीवरची भांडी, पत्र्याची पेटी, कोपीसाठी बांबू, एखादी शेळी आणि त्या सर्वांवर बसलेली बारकी पोरे, असा सारा संसार रचलेला असतो. कोणी आपल्याच जिल्ह्यात उत्तरेकडे जातो, कोणी पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे, तर कोणी थेट कर्नाटकात. पाठीमागे गावात उरतात म्हातारी माणसे आणि कुलपे. हे लोक आता परतायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाशी.

वाचकहो, या ट्रॉलीत बसलेल्या माणसाला वाटेत किंवा फडात गेल्यावर असे वाटले की, हे काम आपल्याला नको, आपण घरी जावे, तर त्याला जाता येईल काय? एवढा एकच प्रश्न या लेखाचा विषय आहे. जगभरच्या मोठमोठ्या कंपन्या हल्ली 'आमच्या व्यवसायात आणि आम्हाला माल पुरविणाऱ्यांच्या साखळीत कोठेही गुलामगिरी नाही' अशी निवेदने दरसाल प्रसिद्ध करतात. साखर विकत घेणाऱ्या कंपन्याही त्यांत आहेत. त्या निवेदनांचा कस लावायचा तर लंडनमध्ये किंवा मुंबईत नव्हे, या ट्रॉलीवर लावावा लागेल.

एकाच जिल्ह्यात दोन जग

नगर जिल्ह्याला (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) या प्रश्नात आगळे स्थान आहे, ते असे की ऊस तोडायला माणसे पाठविणारा आणि ऊस तोडून घेणारा, अशा दोन्ही भूमिकांत हा जिल्हा आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे पाणी कालव्यांनी फिरले आणि श्रीरामपूर, राहुरी, राहाता हा भाग हिरवा झाला. दक्षिणेकडचे तालुके मात्र कोरडेच राहिले. उत्तरेच्या उसाला हात हवेत आणि दक्षिणेच्या हातांना काम हवे. ही सोयरीक दुष्काळाने जुळविली आणि आजतागायत टिकली.

येथेच एका थोर प्रयोगाची आठवण करावी लागते. हरेगावच्या बेलापूर कंपनीसारखे खासगी कारखाने जोरात होते आणि कुणबी सावकाराच्या वहीत अडकलेला होता, त्या काळात लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली गावात सहकारी पतपेढी काढली. पुढे धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्यासारख्यांची साथ मिळाली. शेतकऱ्यांनी भागभांडवल जमविले आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना ही गोष्ट तेव्हा लोकांना अजब वाटली होती. शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवावे, हा त्या खटाटोपाचा गाभा होता, आणि तो पुष्कळ अंशी साधलाही.

पण त्या कारखान्याच्या गव्हाणीत जो ऊस पडतो, तो तोडणाराही कोणाच्या तरी वहीत अडकलेला होता. त्याची वही कोणी फाडली नाही. शेतकरी सभासद झाला, तोडणारा सभासद झाला नाही. तो कारखान्याचा कामगारही ठरला नाही. त्याचा कारखान्याशी संबंध एका मधल्या माणसाकडून येतो. त्या माणसाला म्हणतात मुकादम, आणि त्या संबंधाला म्हणतात उचल.

उचल म्हणजे काय?

पावसाळ्यात, घरात दाणे संपत आलेले असतात, कोणाचे लग्न ठरलेले असते, कोणाचे दवाखान्याचे देणे असते. अशा वेळी मुकादम येतो आणि रोख रक्कम हातावर ठेवतो. ती उचल. हे पैसे बहुधा कारखाना देतो. तेथून ते वाहतूक ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून 'कोयत्या'कडे येतात. कोयता म्हणजे केवळ हत्यार नव्हे, या धंद्याच्या भाषेत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'! अलीकडे एका कोयत्यामागे पन्नास हजारांपासून लाखापर्यंत, कधी त्याहूनही अधिक उचल दिली जाते.

आता जरा हिशोब मांडू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि तोडणी कामगारांच्या संघटना यांच्यात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तडजोड झाली. तोडणीच्या दरात तीन वर्षांसाठी ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला २७३ रुपयांच्या आसपास असलेला दर ३६६ रुपयांवर गेला. एक जोडपे दिवसाकाठी दीड ते दोन टन ऊस तोडते, पाचट काढून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडी भरते. दीड टन धरला तर दिवसाचे ५४९ रुपये, म्हणजे माणशी पावणेतीनशे. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ साली दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती, आणि तेथे पहाटे चारला उठून थंडीत उसात शिरावे लागत नव्हते.

गाडी न येणे, कारखाना बंद पडणे, एका फडातून दुसऱ्या फडात जाणे, हे सर्व वजा जाता हंगामात प्रत्यक्ष तोडणीचे १२० दिवस धरू. दीड टनाप्रमाणे कमाई होते ६५,८८० रुपये. जोडी तगडी असून तिने रोज दोन टन तोडला, तरी ८७,८४०. उचल जर लाखाची असेल तर? शिवाय पाच महिने पोटाला घालायला जी 'खर्ची' मिळते, तीही याच हिशोबातून वळती होते. एखादा दिवस आजारपणात गेला तर त्या दिवसाची मजुरी बुडतेच. वर 'खाडा' म्हणून दंड बसतो, कोठे पाचशे, कोठे हजार. हंगाम आटोपतो तेव्हा अंगावर बाकी निघते, आणि ती बाकी फेडायला पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जायचे, हे हंगाम आटोपतानाच ठरून जाते.

शिवाय ही वही लिहितो मुकादम. वजन होते कारखान्याच्या काट्यावर, तोडणारा असतो फडात. किती टन भरला, किती कापले, बाकी किती, हे सांगेल ते ऐकायचे. अशा हिशोबात माणूस कितीही प्रामाणिक असला तरी समोरच्याच्या मनात किंतु राहणारच.

मुकादमाला सैतान ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. कित्येक मुकादम स्वतः काल-परवापर्यंत कोयता चालविणारे असतात. उचल घेऊन टोळीच गायब झाली तर ठेकेदार त्यांच्या दारात उभा राहतो. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेले आणि मुकादमाने बुडविलेले वाहतूकदार शेतकरीही गावोगाव भेटतील. ऊसवाल्या शेतकऱ्याचीही तक्रार असते की, तोडीला आलेली टोळी 'खुशाली' मागते, गाडीवान 'एंट्री' मागतो, नाही म्हटले तर ऊस उभाच वाळतो. प्रत्येक जण खालच्याला धरून ठेवतो, कारण त्याला वरच्याने धरून ठेवलेले असते. सर्वांत खाली जो असतो, त्याच्याखाली मात्र धरायला कोणी नसते. की असते?

कोयत्याची दुसरी मूठ

असते. त्याची बायको असते. उचल जोडीवर दिली जाते, पण ती मोजून घेतो नवरा आणि बाकी लिहिली जाते ती त्याच्या नावावर. काम मात्र निम्म्याहून अधिक तिचे. फडात तोडायचे, डोईवर मोळी वाहायची, आणि कोपीवर परतल्यावर चूल पेटवायची. एकट्याला अर्धा कोयता समजले जाते, म्हणून मुलाला पुरी उचल मिळावी यासाठी त्याचे लग्न लवकर उरकतात, आणि मुलीचे त्याहून लवकर. फडावर तरण्या मुलीला सांभाळायचे कसे आणि गावात एकटी ठेवायची कशी, ही आईबापांची काळजीही त्यात असतेच. या भागात घाईघाईने लावलेल्या अशा लग्नांना 'गेटकेन' म्हणतात. कार्यक्षेत्राबाहेरून येऊन कारखान्याच्या फाटकावर पडणाऱ्या उसाचे ते नाव! लोकांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी की कपाळावर हात मारावा, समजत नाही.

पाथर्डीला लागूनच बीड जिल्हा आहे. २०१९ साली तेथील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासणी केलेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजार ८०० हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक होती. फडावर आडोसा नाही, पाणी नाही, विटाळाच्या दिवसांत स्वच्छता नाही, त्यातून दुखणी जडतात. आणि वरून खासगी दवाखान्यांतली घाई. पण आठवडाभर विश्रांती घेऊन दुखणे बरे करण्याची सोय ज्या बाईला नाही, तिला 'एकदाच काय ते काढून टाकू' हे म्हणणे पटते, याच्या मुळाशी खाड्याचा दंडही आहे. उचलीचा हिशोब तपासताना हा आकडा शेजारी ठेवावा.

कायदा काय म्हणतो

आपल्या घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी आहे. २५ ऑक्टोबर १९७५ पासून वटहुकूम अमलात आला आणि १९७६ साली वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा झाला. तो फार कडक आहे. आगाऊ रकमेच्या बदल्यात कोणी नाममात्र मजुरीवर राबत असेल, किंवा दुसरीकडे काम करण्याचे अथवा कोठेही जाण्या-येण्याचे स्वातंत्र्य गमावून बसला असेल, तर तो वेठबिगार. त्याचे कर्ज त्याच क्षणी रद्द होते, ते वसूल करणे हाच गुन्हा ठरतो आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कर्ज वेठबिगारीचे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने पैसे देणाऱ्यावर टाकली आहे. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. भगवती यांनी आणखी पुढे जाऊन सांगितले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच होय.

याचा अर्थ उचल घेणे-देणे हा गुन्हा आहे असा नव्हे. अडल्यानडल्याला आगाऊ रक्कम घेणारे नोकरदारही आहेतच. 'फेडल्याशिवाय जाता येणार नाही' हे वाक्य जेथे येते, तेथे उचलीची वेठ होते. मग ते वाक्य धमकी देऊन म्हटलेले असो की गोड बोलून.

कायदा राबविण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समित्या असाव्यात असेही त्यात म्हटले आहे. परंतु कायद्याला जाग केव्हा येते? २०२२ साली इगतपुरी तालुक्यातील कातकरी पाड्यांवरची लहान मुले नगर जिल्ह्यात मेंढ्या वळायला ठेवली जात असल्याचे उघडकीस आले. त्यांच्या आईबापांना मोबदला मिळे तो वर्षाकाठी काही थोडके रुपये किंवा एखादे मेंढरू. त्यांतील दहा वर्षांची एक मुलगी मरण पावली, तेव्हा गुन्हे दाखल झाले आणि मुलांची सुटका सुरू झाली. तेथे कंपनी नव्हती, कारखाना नव्हता, निवेदन नव्हते. पण ज्या गरजेने त्या मुलांना घराबाहेर काढले, तीच गरज पाथर्डीच्या ट्रॉलीतही बसलेली असते.

कंपनीची वही आणि मुकादमाची वही

आता साखळीच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. ब्रिटनमध्ये २०१५ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा झाला. ज्या कंपनीची वार्षिक उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक आहे, तिने आपल्या धंद्यात आणि पुरवठ्यात सक्तीची मजुरी राहू नये म्हणून काय केले, हे दरसाल सांगायचे. गंमत अशी की, 'आम्ही काहीच केले नाही' एवढे सांगूनही त्या कलमाची पूर्तता होते! ऑस्ट्रेलियाने २०१८ साली तसाच कायदा केला. युरोपीय संघाने २०२४ साली याहून धारदार नियम केला असून, सक्तीच्या मजुरीने बनलेला माल डिसेंबर २०२७ पासून त्या बाजारपेठेत विकता येणार नाही, असे त्यात ठरले आहे. आपल्याकडे सेबीने शेअरबाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. सहकारी कारखाने मात्र शेअरबाजारात नाहीत, त्यामुळे त्यांना तो लागू नाही.

या सर्व कागदांचा फडापर्यंत किती पाझर होतो? २०१९ साली कोकाकोला कंपनीच्या सल्लागारांनी पश्चिम भारतातील उसाचे फड आणि कारखाने पाहिले. मुले ऊस तोडताना आढळतात आणि मजूर घेतलेले पैसे फेडण्यासाठी राबतात, अशी नोंद त्यांनी केली. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने महाराष्ट्रातील ऊसतोडीवर मोठा लेख छापला आणि कोकाकोला व पेप्सिको या कंपन्यांना जाणाऱ्या साखरेचा माग काढला, तेव्हाही उचल, बालविवाह आणि शस्त्रक्रिया जशाच्या तशा होत्या. पाहणी झाली, नोंद झाली, आणि मधल्या पाच वर्षांत मुकादमाची वही तशीच राहिली.

असे का होते, याचे उत्तर अवघड नाही. कंपनी म्हणते, आम्ही कारखान्याकडून साखर घेतो, तोडणीशी आमचा संबंध नाही. कारखाना म्हणतो, तोडणारे आमचे नोकर नव्हेत, ठेकेदाराचे आहेत. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवितो. आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च कापला जातो तो शेतकऱ्याच्या ऊसबिलातून, म्हणून शेतकरीही म्हणतो, आणखी माझ्याच खिशात हात घालू नका! पोत्यावर नाव असते ते कारखान्याचे. तपासनीस हंगामात कारखान्यावर गेला तर त्याला काय दिसेल? स्वच्छ आवार, सुरक्षिततेच्या पाट्या, कायम कामगारांच्या हजेऱ्या. उचल तर पावसाळ्यात, पाथर्डीकडच्या एखाद्या घराच्या ओट्यावर, केव्हाच देऊन झालेली असते. ज्याला खरेच पाहायचे आहे, त्याने जून ते सप्टेंबर या काळात तेथे जावे आणि बायकांशी, नवऱ्याच्या व मुकादमाच्या माघारी, बोलावे.

पैशाचे म्हणाल तर तेही तपासून पाहू. सरकारी दराच्या हिशोबात साखरेचा उतारा १०.२५ टक्के धरतात, म्हणजे टनभर उसातून साधारण १०२ किलो साखर. तोडणीचे ३६६ रुपये त्यावर वाटले तर किलोला साडेतीन रुपयांहून थोडे अधिक पडतात. लहान बाटलीभर गोड पेयात तीस ग्रॅम साखर असते असे धरा. त्या बाटलीतला तोडणाऱ्या जोडप्याचा वाटा सुमारे अकरा पैसे! तोडणीचा दर उद्या दुप्पट केला तरी बाटलीमागे खर्च वाढेल तो अकरा पैशांचा. हा भार शेतकऱ्याच्या बिलावर न टाकता खरेदीच्या करारातच तोडणीची वेगळी रक्कम लावून घेणे कोणत्याही मोठ्या खरेदीदाराला अशक्य नाही. तोडणाऱ्याची चौकशी करणारा तपासनीस पाठवायचा आणि साखर मात्र मिळेल त्या सर्वांत स्वस्त भावाने उचलायची, या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही.

सरकारच्या बाजूने काहीच झाले नाही असे नाही. पाथर्डीचे बबनराव ढाकणे आणि बीडचे गोपीनाथ मुंडे यांनी या लोकांच्या चळवळी चालविल्या, संप घडविले. दरवाढीच्या वाटाघाटींची प्रथा त्यांतूनच रुजली. मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे असे ठरले. राज्यात सालाला कोट्यवधी टन ऊस गाळला जातो, तेव्हा ही रक्कम लहान नव्हे. मुलांनी फडावर न जाता गावाकडेच शिकावे म्हणून संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहे निघाली. त्याआधी फडाजवळ साखरशाळा चालविण्याचे प्रयोगही झाले होते. हे सारे उपयोगाचे आहे. मात्र महामंडळ असो की वसतिगृह, उचलीच्या वहीला त्यांपैकी कोणी हात लावलेला नाही.

त्या वहीला हात लावायचा तर काय करावे लागेल? उचल कारखान्याने थेट द्यावी, लेखी द्यावी, नवराबायकोच्या वेगवेगळ्या बँक खात्यांत निम्मी-निम्मी द्यावी. तिच्यावर व्याज नको, खाड्याचा दंड नको. हंगाम संपताना काही बाकी राहिली तर ती तेथेच संपली असे करारात लिहावे, म्हणजे एवढी उचल वाटावी की जी पाच महिन्यांत फिटेल, अशी दक्षता देणाराच घेईल. मुकादमाचे कमिशन कारखान्याने चालू ठेवावे, पण ते माणसे आणण्याबद्दल, धरून ठेवण्याबद्दल नव्हे. आणि साखर घेणाऱ्या कंपनीने आपल्या करारात या अटी घालून वर्षातून एकदा ती वहीच मागवून पाहावी.

यांतील काही गोष्टींना वेळ लागेल, काहींवर वाद होईल. एका गोष्टीला मात्र ना वेळ लागतो ना पैसा. हल्ली ऊस काट्यावर चढला की किती वजन भरले याचा संदेश अनेक कारखान्यांतून शेतकऱ्याच्या मोबाइल फोनवर जातो. संगणकात टोळीचा क्रमांकही असतो. तोच संदेश, त्याच वेळी, तो ऊस तोडणाऱ्या बाईच्या फोनवरही का जाऊ नये?